ट्रान्समसाठी प्लाय किती मिमीचा? २५ आणि ४० हॉर्सपॉवरच्या फायबर बोटींबद्दल

प्रश्न थोडक्यात असा आहे. रामटेककडच्या एका मच्छीमार सोसायटीची १६ फुटी फायबरची बोट आहे, मागे २५ हॉर्सपॉवरची मोटर. मोटर वर उचलली की बोटीची मागची भिंत, म्हणजे ट्रान्सम, डोळ्यांना दिसेल इतका हलतो आणि ड्रेन प्लगच्या, म्हणजे साचलेलं पाणी काढायच्या बुचाच्या, भोकातून काळपट पाणी झिरपतं. आतलं फायबर कापून पाहिलं तर प्लायचा भुगा झालेला. आता नवा ट्रान्सम बसवायचा आहे आणि पुढेमागे ४० ची मोटर लावायचा विचार आहे. नागपूरच्या लकडगंजातल्या दुकानदाराने "हा एकच जाड लावा" म्हणून २५ मिमीची शीट गळ्यात मारली. सुतार म्हणतो १९ चे दोन लावू. सोसायटीतल्या एका काकांचं म्हणणं, दोन इंच प्लाय नसेल तर ४० ची मोटर भिंतीसकट पाण्यात जाईल. ऐकायचं कोणाचं?

घाई असेल तर उत्तर एवढंच: १८ मिमीचे दोन थर, आयएस ७१० या भारतीय मानकाचा मरीन प्लाय, मधे रेझिनमध्ये भिजवलेली फायबरच्या तुटक धाग्यांची मॅट घालून एकजीव केलेले, आणि आतलं-बाहेरचं फायबर धरून तयार भिंत साधारण ४४ ते ४७ मिमी. २५ ला ती पुरून उरते आणि ४० लाही चालते. सुतार बरोबरच्या सगळ्यात जवळ आहे, काका सगळ्यात लांब.

पण नुसता आकडा घेऊन कामाला लागू नका भाऊ. ट्रान्सम बांधताना प्लायची जाडी ही शेवटी निघणारी गोष्ट आहे. आधी तयार भिंत किती जाड हवी ते ठरतं, आणि ते ठरवते मोटर. आउटबोर्डच्या, म्हणजे बोटीच्या मागे टांगायच्या मोटरच्या, ब्रॅकेटला जाडीची खालची मर्यादा असते तशीच वरचीही असते. लहान मोटरींना भिंतीवर आवळायचे दांडीचे दोन स्क्रू असतात. भिंत फार जाड झाली तर ब्रॅकेटचा जबडा तिच्यावर उतरतच नाही. मोठ्या मोटरी आरपार बोल्टने बसतात, तिथे जबड्याची अडचण नसली तरी बोल्टची लांबी आणि ब्रॅकेटची बैठक असतेच. मोटरच्या पुस्तिकेत ट्रान्समची जाडी कुठून कुठपर्यंत चालेल ते छापलेलं असतं. ती पुस्तिका बहुधा सोसायटीच्या कपाटात पावत्यांखाली सापडेल. सापडली नाही तर विक्रेत्याकडून मागवा, आणि तिच्यातला आकडा माझ्या आकड्यापेक्षा जास्त खरा माना.

कामातला रिवाज सांगायचा तर दहा हॉर्सपॉवरपर्यंत ३२ ते ३८ मिमीची भिंत, १५ ते ४० ला ३८ ते ४७ च्या दरम्यान, त्याच्या वर सत्तरपर्यंत ४५ ते ५०, आणि पुढे ५० ते ५७. हे सगळे आकडे तयार भिंतीचे आहेत, नुसत्या प्लायचे नाहीत. काकांची गफलत इथेच होते. "दोन इंचाचा ट्रान्सम" हे त्यांनी कुठेतरी बरोबरच ऐकलेलं असणार, पण दोन इंच म्हणजे फायबरसकट. दोन इंच प्लाय घातला तर वरचं फायबर धरून भिंत साठ मिमीच्या वर जाते, आणि मग मोटर बसवताना छिन्नी घेऊन नवीन काम खरवडायची वेळ येते.

जुनी जाडी किती होती, हेही बघून घ्या, पण कुजलेल्या लाकडावर टेप लावू नका. कुजलेला प्लाय पाणी पिऊन फुगलेला असतो, थर सुटलेले असतात. ३६ चा ४२ दिसतो. त्यापेक्षा मोटरचे जुने बोल्ट काढून नीट पाहा. नट जिथे वर्षानुवर्षं बसला होता तिथे आट्यांवर चकाकणारा पट्टा असतो. त्या पट्ट्यापासून बोल्टच्या डोक्यापर्यंत मोजा, त्यातून वॉशरची आणि ब्रॅकेटची जाडी वजा करा, की मूळ भिंत हाती येते. भिंतीचे वरचे दोन कोपरे अनेकदा कोरडे राहिलेले असतात, तिथेही खात्री करता येईल.

आता हिशोब. बाहेरचं फायबर तसंच ठेवून आतून काम करायचं असं धरू, कारण बाहेरचा जेलकोट (फायबरवरचा रंगीत गुळगुळीत थर) आणि बोटीचा आकार त्यात शाबूत राहतो. आतली बाजू ग्राइंडरने घासून साफ केल्यावर बाहेरची कातडी या मापाच्या बोटीला साधारण साडेचार मिमी उरते. तिच्यावर पहिला प्लाय चिकटवायची पुट्टी, दीड मिमी. १८ म्हणून विकला जाणारा प्लाय व्हर्निअरला साडेसतराच्या आसपास भरतो. मधली भिजवलेली ४५० ची मॅट एक मिमी. पुन्हा साडेसतरा. मग आतलं नवं फायबर: मॅट, रोव्हिंग (फायबरचं विणलेलं जाड कापड), मॅट, रोव्हिंग, मॅट. ४५० ग्रॅमच्या मॅटचा एक थर जवळपास एक मिमी देतो, ६०० च्या विणलेल्या रोव्हिंगचा पाऊण मिमी; म्हणजे पाच थरांचे साडेचार मिमी. बेरीज साडेसेहेचाळीस. पावणेदोन इंचाच्या थोडं वर. २५ ला भरपूर, ४० ला योग्य.

सुताराच्या १९ च्या दोघांनी हीच बेरीज ४८-४९ वर जाते. वाईट नाही. तुमच्या ब्रॅकेटला चालत असेल तर लावा, पण १८ वर जास्तीचं काही मिळत नाही. आणि सोसायटी २५ च्या मोटरवरच थांबणार असेल तर १८ आणि १२ ची जोडीसुद्धा पुरते. भिंत ४१ ला येते आणि वजन वाचतं. आठ-दहा हॉर्सपॉवरच्या छोट्या बोटींना १२ चे दोन थर घालून आतलं फायबर तीन थरांचं ठेवतो. तिथे १८ चे दोन म्हणजे उगाच मागचं वजन वाढवणं.

मग दुकानदाराचा एकच २५ का नको? वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या पटीत वाढतो. जाडी दुप्पट केली तर ताठरता आठपट. २५ मिमीच्या एका प्लायच्या तुलनेत ३६ मिमीचा एकजीव प्लाय जवळपास तिप्पट ताठ असतो. एकट्या २५ वर हेच फायबर चढवलं तर तयार भिंत ३५-३६ मिमीला थांबते. ती दहा हॉर्सपॉवरची भिंत आहे, चाळीसची नाही. शिवाय मॅटचं लॅमिनेट स्वतः चांगल्या प्लायइतकंच ताठ असतं, त्याच्याहून फार जास्त नाही. "प्लाय पातळ असला तरी वरून फायबर मारू" हे म्हणणं म्हणून फारसं कामाचं नाही. शेवटी एकूण जाडी लागतेच, आणि ती प्लायने भरून काढणं स्वस्त आणि हलकं पडतं.

"एकजीव" हा शब्द मी वर दोनदा लिहिला, कारण सगळी मेख तिथे आहे. १८ चे दोन प्लाय नुसते स्क्रूने एकमेकांवर आवळले तर ते ३६ चे होत नाहीत. वाकताना दोन्ही पाती एकमेकांवरून सरकतात आणि प्रत्येक जण आपापल्या १८ पुरताच विरोध करतो. दोघांची बेरीज चिकटवलेल्या ३६ च्या फक्त पाव भरते. म्हणजे मधला चिकटवणीचा थर सुटला की तीन चतुर्थांश ताठरता गेली, प्लाय कितीही महागाचा असो. उघडलेल्या ट्रान्सममध्ये मला सर्रास दिसतं ते हेच: लाकूड एका बाजूला अजून बरं असतं, पण दोन थरांमध्ये चिकटवलेलं असं काही नसतंच. चार-सहा ठिकाणी रेझिनचे थापे आणि भरमसाट स्क्रू. स्क्रूची भोकं पाण्याला वाट द्यायला तयारच.

त्यामुळे जाडीवर वाद घालायला जितका वेळ जातो तितका चिकटवण्याच्या तयारीला द्या. प्लायच्या दोन्ही तोंडांना ६० च्या पॉलिश पेपरने खरखरीतपणा आणा, धूळ झटका. पॉलिएस्टर रेझिन वापरणार असाल तर आधी पातळ रेझिनचा एक हात द्या आणि तो चिकट असतानाच पुढचा थर घ्या. थेट कोरड्या लाकडावर मॅट टाकली तर लाकूड रेझिन ओढून घेतं आणि मॅट कोरडी पडते. चिकटवणीत एरोसिल (रेझिन घट्ट करणारी सिलिकाची हलकी भुकटी) आणि बारीक कापलेले मॅटचे धागे घाला. पॉलिएस्टरमध्ये नुसती शंखजिऱ्याची भुकटी मिसळून केलेली पुट्टी खड्डे बुजवायला ठीक आहे, जोड धरायला नाही. बजेट असेल तर लाकडाचं सगळं काम इपॉक्सीत करा. लाकडाला इपॉक्सीची पकड पॉलिएस्टरपेक्षा निःसंशय चांगली. मात्र साध्या चॉप्ड मॅटमधला बाइंडर स्टायरीनमध्ये विरघळणारा असतो आणि इपॉक्सीत स्टायरीन नसतं, म्हणून इपॉक्सीबरोबर विणलेलं किंवा शिवलेलं कापड घ्यावं लागतं. मॅट आणि इपॉक्सी असा घोळ घातलात तर मॅट ताठ उभी राहील आणि कोपऱ्यात बसणारच नाही.

शिकंजे लावताना एक गोष्ट हमखास विसरली जाते. आतला सगळा प्लाय काढल्यावर बाहेरची कातडी म्हणजे फक्त साडेचार मिमीचं फायबर उरलेलं असतं. शिकंजे आवळले की ते पोट काढतं, आणि तशीच फुगलेली भिंत कायमची पक्की होते. मग मोटर एका कुशीवर बसते. काम सुरू करण्याआधीच बाहेरून दोन-तीन लोखंडी अँगल आडवे लावा, मधे प्लास्टिक, आणि दोरी ताणून सरळ रेषा तपासा. शिकंजे इतकेच आवळा की कडेने पुट्टीची बारीक वळी सगळीकडून बाहेर येईल. त्यापुढे पिळत गेलात तर सगळं रेझिन बाहेर आणि जोड कोरडा. ट्रान्सम सपाट नसून थोडा गोलाईचा असेल तर १८ वाकत नाही. तिथे ९ चे चार किंवा १२ चे तीन थर लावा. थर वाढले म्हणून ताकद घटत नाही, फक्त हात वेगाने चालवावे लागतात.

आता लकडगंजात जाताना. दुकानात "मरीन", "वॉटरप्रूफ", "गर्जन" (एक जड, टणक लाकूड) हे शब्द सढळ हाताने वापरले जातात. तुम्ही आयएस ७१० चा शिक्का आणि आयएसआयच्या खुणेखाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक शोधा. आयएस ३०३ हा घरच्या फर्निचरचा प्लाय. त्यातला बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला तोंड देणारा) स्वयंपाकघरात चांगला, बोटीत नाही. ७१० च्या मानकात प्लायचा तुकडा ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवला तरी थर सुटता कामा नयेत. तेवढं घरी कोणी करत नाही, पण दुकानदाराकडून हातभर तुकडा मागून तो दिवसभर पातेल्यात उकळा आणि मग कडेला स्क्रू ड्रायव्हर घालून थर उचकटून बघा. जे कळायचं ते संध्याकाळपर्यंत कळतं. दुकानदार तुकडा द्यायला का-कू करत असेल तर तेही एक उत्तरच.

वरचं लालसर तोंड पाहून भुलू नका. गर्जनचं पान वर आणि आत पॉपलर किंवा निलगिरी, असा माल भरपूर फिरतो. ८×४ ची १८ मिमी शीट चांगल्या गर्जनची असेल तर ३५ किलोच्या वरच भरते. एका माणसाने सहज डोक्यावर घेतली तर शंका घ्या. कापलेल्या कडेकडे बघा. आतल्या पानांमध्ये पोकळ फटी दिसल्या तर ती शीट परत. त्या फटीतूनच पाणी आडवं धावतं, आणि मोटरचा बोल्ट नेमका फटीवर आला तर तिथे आवळताना प्लाय दबतो. काळी चकचकीत फिल्म लावलेला शटरिंगचा प्लाय कोणी स्वस्तात देऊ केला तर तोही नको. त्या फिल्मवर रेझिन धरतच नाही. ब्लॉकबोर्ड आणि एमडीएफचं नावसुद्धा काढू नका.

"आपलं तर गोडं पाणी, समुद्रासारखं खाऊन टाकणारं नाही, मग इतका महागाचा प्लाय कशाला" हा प्रश्न विदर्भात नेहमी येतो. लोखंडाच्या बाबतीत ते बरोबर आहे. लाकडाच्या बाबतीत नेमकं उलट. लाकूड कुजवते ती बुरशी, आणि तिला मीठ मानवत नाही. खाऱ्या पाण्यात लाकूड लोणच्यातल्या फोडीसारखं टिकून राहतं. खिंडसी, तोतलाडोह, गोसीखुर्द हे सगळं गोडं पाणी. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या वर गेला, जरा हवा मिळाली आणि उबदार दिवस आले की बुरशीचं काम सुरू. त्यातही सगळ्यात वाईट पावसाचं पाणी. बोट किनाऱ्यावर झाडाखाली ओढून ठेवलेली, ड्रेन प्लग लावलेला, मागे वीतभर पाणी साचलेलं आणि त्यात पाला: हे दृश्य जिथे दिसेल तिथला ट्रान्सम दोन-तीन पावसाळ्यांत मऊ होतो. बोट चालून खराब होत नाही, उभी राहून होते. उभी असताना प्लग काढून नाळेकडचा, म्हणजे पुढचा, भाग वर ठेवायचा, एवढ्याने प्लायचं आयुष्य जितकं वाढतं तितकं तो ६ मिमी जाड घेऊन वाढत नाही.

(२३ सप्टेंबर २०२३ ला नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला तेव्हा शहराच्या वस्त्यांमधून रबरी बोटी फिरल्या, त्या अनेकांनी पाहिल्या असतील. अशा बहुतेक बोटींनाही मागे प्लायचाच ट्रान्सम असतो, पण तो रबराच्या खाचेत चिकटवलेला असतो आणि त्याची जाडी त्या खाचेने ठरते. इथलं गणित त्यांना लावू नका.)

पाणी आत शिरतं ते भिंतीच्या तोंडातून नाही, कडांतून आणि भोकांतून. कडेला प्लायच्या पानांची नळ्यांसारखी टोकं उघडी असतात. तुकडा मापात कापून झाल्यावर चारही कडांना रेझिनचा हात द्या आणि दहा मिनिटांनी परत येऊन बघा. जिथे जिथे चकाकी गेलेली, मंद, कोरडे ठिपके दिसतील तिथे कडेने रेझिन पिऊन टाकलेलं असतं. पुन्हा द्या. तिसऱ्या हातापर्यंत कड सगळीकडे सारखी ओली चकाकत राहिली पाहिजे. हे काम पोरांवर सोपवलं तर पहिल्या हातावर संपतं, म्हणून मी ते स्वतः बघतो.

भोकांचंही तसंच. मोटरच्या चार बोल्टसाठी, समजा १२ मिमीचे आहेत, आधी १८-२० मिमीची भोकं पाडा. मागून टेप लावून ती जाड केलेल्या इपॉक्सीने काठोकाठ भरा, पूर्ण वाळू द्या, आणि मग त्या इपॉक्सीच्या मधोमध १३ चं भोक पाडा. आता बोल्ट लाकडाला स्पर्शच करत नाही. सीलंट कुजलं, पाणी शिरलं, तरी ते इपॉक्सीच्या नळीतून आरपार जातं, प्लायमध्ये नाही. ड्रेन प्लगच्या भोकाला हे दुप्पट काळजीने करा, कारण ते सगळ्यात खाली असतं आणि तुमच्या बोटीत कुजायला सुरुवात तिथूनच झाली असणार. काळं पाणी तिथूनच आलं. बोल्टखाली पॉलियुरेथेन सीलंट घ्या, बाथरूमचं सिलिकॉन नको. आतल्या बाजूला सुटे वॉशर न लावता सहा मिमीची अ‍ॅल्युमिनिअमची पट्टी सलग लावा. ट्रान्सड्यूसर (पाण्याची खोली मोजणाऱ्या यंत्राचा सेन्सर), शिडी, नंबरप्लेट यांचे बारीक स्क्रू ट्रान्सममध्ये कमीत कमी. प्रत्येक स्क्रू म्हणजे एक भोक.

नुसती भिंत जाड करून मोटरचा जोर कुठेही जात नाही. तो तळाला आणि बाजूंना पोचवावा लागतो. मोटर पुढे ढकलते तेव्हा ट्रान्समची खालची कड आत दाबली जाते आणि वरची कड बाहेर ओढली जाते. मोटर तिरकी उचलून ट्रॅक्टरमागे ट्रॉलीवर बोट नेताना तर प्रत्येक खड्ड्याला हा झटका बसतो. आपल्या भागात ट्रान्सम पाण्यापेक्षा रस्त्यावर जास्त मार खातो असं मला वाटतं. म्हणून भिंत आणि तळ यांच्या कोपऱ्यात पुट्टीची गोलाई द्या, कारण मॅट काटकोनात बसत नाही आणि मागे हवा राहते. पहिला फायबरचा थर तळावर आणि बाजूंवर तीन इंच, दुसरा पाच-सहा इंच, तिसरा आठ-नऊ इंच असा पायरीपायरीने पुढे न्या. आणि ४० ची मोटर डोक्यात असेल तर ट्रान्समपासून तळाच्या उभ्या पट्ट्यांपर्यंत दोन त्रिकोणी गुडघे घालाच. ३६ चा प्लाय आणि गुडघे ही भिंत, गुडघ्यांविना ५० च्या प्लायपेक्षा मी केव्हाही पसंत करीन.

नागपूरचं हवामान या कामात अर्धं मित्र, अर्धं वैरी. मे महिन्यातली कोरडी झळ बोटीचं उघडलेलं पोट सुकवायला उत्तम. रात्री घासलेल्या भागावर प्लास्टिक चारी बाजूंनी टेपने चिकटवा. सकाळी आतून दव दिसलं तर अजून ओल आहे. पण त्याच मे महिन्यात दुपारी ४५ अंशाला रेझिन बादलीत मिसळता मिसळता जेली होतं. हार्डनर, म्हणजे एमईकेपी, कमी करत जाणं हा उपाय नाही. एमईकेपी एक टक्क्याच्या फार खाली नेलं तर रेझिन वरून वाळल्यासारखं वाटतं आणि आतून कधीच पूर्ण पक्कं होत नाही. पहाटे काम करा, सावलीत करा, थोडं थोडं मिसळा, बादलीऐवजी पसरट ट्रे घ्या. कोबाल्ट (रेझिन लवकर धरावं म्हणून घालतात ते) आणि एमईकेपी एकमेकांत थेट कधीही ओतू नका, भडका उडतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये नीट ढवळायचं, मग हार्डनर. डिसेंबर-जानेवारीच्या थंड रात्री उलटी अडचण, १५ अंशांच्या खाली रेझिन नीट धरत नाही. पावसाळ्यात तर लाकडाचं काम उघडूच नका. फेब्रुवारी-मार्च सगळ्यात चांगला.

आता त्या ४० बद्दल. ट्रान्सम ४० चा बांधला म्हणजे बोट ४० ची झाली असं नाही. टू-स्ट्रोक ४० ची मोटर ७०-७५ किलोची असते, फोर-स्ट्रोक शंभराच्या आसपास. एवढं वजन मागे टांगल्यावर बोटीची मागची कड पाण्यापासून किती वर राहते, दोन माणसं आणि जाळी मागे असताना काय होतं, हे आधी वाळूच्या पोत्यांनी करून बघा. शाफ्टची लांबीही बघा: शॉर्ट शाफ्टला तळापासून ट्रान्समच्या वरच्या कडेपर्यंत १५ इंच, लाँगला २०. तुमची २५ शॉर्ट आणि येणारी ४० लाँग असेल तर वरची कड आताच वाढवावी लागेल, नंतर थिगळ लावता येत नाही. मोटर बसल्यावर तिची कॅव्हिटेशन प्लेट (पंख्याच्या वरची आडवी पट्टी) तळाच्या रेषेत किंवा इंचभर खाली यावी. भिंतीचा तिरपेपणा, साधारण १२ ते १४ अंश, जुना होता तसाच ठेवा. आधी पुठ्ठ्याचा साचा काढून घेतला असेल तर बरं. इनलँड व्हेसल्स अ‍ॅक्ट, २०२१ खाली यांत्रिक बोटींना सर्व्हे आणि नोंदणी लागते, तेव्हा मोटर विकत घेण्याआधी सर्व्हेयरशी एकदा बोला.

राहिली ती आणून ठेवलेली २५ ची शीट. आधी तिच्यावर ७१० चा शिक्का आहे का ते बघा. नसेल तर ती सोसायटीच्या ऑफिसात टेबलाला लावा. असेल तर परत करायची भांडणं नकोत: तुमचा ट्रान्सम साधारण पाच फूट रुंद आणि पावणेदोन फूट उंच असेल, म्हणजे आठ बाय चारच्या शीटमधून लांबीच्या दिशेने एक तुकडा निघून अर्ध्याहून जास्त शीट उरते. २५ चा हा एक थर बाहेरच्या कातडीला लावा, त्यावर १२ चा दुसरा. प्लाय ३७ चा झाला, तयार भिंत सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसला येईल. फक्त २५ वाकत नाही, म्हणून बाहेरची कातडी अगदी सपाट असेल तरच हे करा. दोरीखाली तीन-चार मिमीची गोलाई दिसली तर २५ बाजूला ठेवून १२ चे तीन घ्या. उरलेल्या २५ मध्ये दोन्ही गुडघे आरामात निघतात.